रिकाम्या खुर्चीचा शेवट

सिनेमावर मत द्यायचं तर आधी तो पाहावा लागतो, असा एक गैरसमज लोकांत रूढ आहे. दाढवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींनी तो केव्हाच मोडीत काढला होता.

शेवटचा पेशंट गालावर रुमाल धरून बाहेर पडला की बाहेरच्या खोलीत बैठक बसायची. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर कडा मुडपलेली मासिकं आणि शेजारी प्लास्टरचा एक जबडा, ज्याच्या दातांत कुणीतरी नेहमी पेन अडकवून ठेवायचं. हेडसर त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसायचे. शाळेतून निवृत्त होऊनही हजेरी घ्यायला आल्यासारखं सगळ्यांकडे बघायची त्यांची सवय गेली नव्हती. सिनेमात रंग आले त्या दिवशी सिनेमा मेला, असं त्यांचं म्हणणं; आणि त्या मयताला आपण जातीनं हजर होतो, असा आव.

विमावाला त्यांच्या अगदी उलट. नवा सिनेमा आला की तो फोनवर, दीडपट वेगानं, पॉलिसी गळ्यात मारायला जाता जाता बसमध्ये बघायचा आणि बसमधून उतरताना 'फार संथ आहे' म्हणायचा. बेकरीवाल्या काकूंची कसोटी सरळ होती. रडू आलं तर सिनेमा चांगला. शेवटी कुणी मेलंच नाही तर आपल्याला शिळा पाव दिल्यासारखं त्यांना वाटायचं, आणि शिळ्या पावातलं त्यांना कळत होतं.

या सगळ्यांवर शेवटचा शब्द डॉक्टरांचा असायचा.

डॉक्टरांना शेवटच्या शब्दाची चटक कशी लागली, हे समजायला आतली खोली बघायला हवी. पेशंट आडवा, डोळ्यांवर झगझगीत दिवा, तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि थुंकी ओढून घेणारी नळी. नळी वहिनींच्या हातात. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. दवाखान्याची नर्स, फोन उचलणारी आणि बैठकीला चहा देणारी, सगळं त्याच. अशा अवस्थेतल्या माणसाला डॉक्टर सिनेमा समजावून सांगायचे. "हल्ली काय करतात, सगळं सांगून मोकळे होतात. प्रेक्षकाच्या डोक्याला काही ठेवतच नाहीत. खरं की नाही?" पेशंट म्हणायचा, "आं." आं म्हणजे हो, असा त्या दवाखान्याचा कायदा होता. डॉक्टरांचं मत तिथे आजवर कुणी खोडून काढलं नव्हतं, आणि याचं श्रेय नळीला न देता ते मतालाच देत आले होते.

आतल्या खोलीची आणखी एक रीत होती. दाढ काढायची वेळ आली की वहिनी हातमोज्यातलं बोट त्या दाढेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही." बोट पडल्याशिवाय डॉक्टर पक्कड लावायचे नाहीत. पेशंटला वाटायचं, किती काळजी घेतात. ही काळजी कुठून आली ते नवराबायकोलाच ठाऊक होतं.

डॉक्टरांच्या सगळ्या मतांचा पाया एकच सिनेमा होता. जुना, काळापांढरा, दीपगृहाचा. समुद्रात घुसलेल्या खडकावर दीपगृह, वरच्या मजल्यावर एकटा राहणारा दिवेकरी, आणि रोज त्याचा डबा घेऊन येणारी गावातली एक मुलगी. ती खाली उभी राहायची, तो दोरी सोडायचा, डबा वर जायचा. माणसांवर रुसलेला दिवेकरी कधी खाली उतरत नसे. आणि मग तो शेवट. डॉक्टर तो सांगताना हातातलं यंत्र बंद करायचे. "दिवेकरी स्वतःच्या हातानं दिवा विझवतो. पायऱ्या उतरून निघून जातो. आणि पडद्यावर काय राहतं? नुसती रिकामी खुर्ची. संवाद नाही, संगीत नाही. खुर्ची. आहे का आज कुणाची छाती, नुसती खुर्ची दाखवायची?"

पेशंट म्हणायचा, "आं."

बैठकीत नव्या सिनेमांची मोजणी याच खुर्चीनं व्हायची. विमावाल्यानं एखाद्या सिनेमाची कितीही भलामण केली तरी डॉक्टर चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "ठीक आहे. पण खुर्ची नाही." विषय संपला. हेडसर लगेच री ओढायचे. तो सिनेमा त्यांनीही पाहिला होता, पहिल्याच आठवड्यात, आणि खुर्ची दिसली तेव्हा थिएटरात श्वासही ऐकू येत नव्हता म्हणे. पुढे पुढे हेडसरांच्या सांगण्यात खुर्चीच्या पाठीवर एक शालही आली. काकूंना तर ती शाल आठवून आजही भरून यायचं. तो सिनेमा एकदा थिएटरातून उतरला तो पुन्हा कुठे लागला नाही, टीव्हीवर आला नाही, त्यामुळे शालीला कुणाची हरकत नव्हती.

खरी गोष्ट अशी, की तो शेवट डॉक्टरांनी पाहिलाच नव्हता.

नवीन लग्न झालेलं, दवाखान्याची पाटी अजून ओली, अशा दिवसांत दोघं दुपारच्या खेळाला गेली होती. मध्यंतरानंतर वहिनींची दाढ ठणकायला लागली. नव्या नवऱ्यापुढे दाढेचं रडगाणं कुठे गायचं, म्हणून त्यांनी बराच वेळ कळ काढली. पण दिवेकऱ्यानं दिव्याच्या खटक्यावर हात ठेवला नेमक्या त्याच वेळी त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. डॉक्टरांच्या मनात प्रेम आणि धंदा एकदमच उफाळून आला. बायकोला हाताला धरून त्यांनी तडक दवाखाना गाठला, खुर्चीत बसवलं, इंजेक्शन दिलं. हात तोंडात होते पण मन थिएटरात होतं. तो दिवा विझवतो की नाही? या विचारात डॉक्टरांनी पक्कड लावली आणि किडलेल्या दाढेशेजारची धडधाकट दाढ उपटून काढली.

मग किडलेली काढली. वहिनींच्या गालात कापूस, डोळ्यांतून पाणी. बोलता येईना, म्हणून त्यांनी बोट वर करून दीपगृह दाखवलं आणि हातानंच विचारलं, पुढे काय झालं असेल? डॉक्टर शरमेनं अर्धमेले झाले होते. तुझी चांगली दाढ घालवली आणि सिनेमाही घालवला, हे त्यांना म्हणवेना. म्हणून त्यांनी तिथल्या तिथे शेवट रचला. दिवा, पायऱ्या, रिकामी खुर्ची. नजरेसमोर दवाखान्यातली खुर्ची होती, तीच त्यांनी दीपगृहात नेऊन ठेवली. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "आं." डॉक्टरांना ते मान्यतेसारखं वाटलं.

तेव्हापासून दाढेवर बोट ठेवायची रीत पडली. आणि तेव्हापासून डॉक्टरांनी वहिनींना पुन्हा कधी थिएटरात नेलं नाही. कधी गर्दी, कधी पेशंट, कधी 'हल्ली बघण्यासारखं आहे काय?' वहिनींनी हट्ट धरला नाही. त्या नळी धरून उभ्या राहायच्या आणि खुर्चीची गोष्ट ऐकायच्या.

एका संध्याकाळी विमावाला फोन नाचवत आला. गावातल्या जुन्या थिएटराची आता तीन थिएटरं झाली होती. त्यांतल्या सगळ्यांत लहानात जुन्या सिनेमांचा आठवडा होता. कुणाच्या तरी गोदामात दीपगृहाच्या सिनेमाची रिळं सापडली होती, ती साफसूफ करून सिनेमा पुन्हा लावणार होते.

"सगळ्यांची दुपारच्या खेळाची तिकिटं काढलीत," विमावाला म्हणाला. "म्हटलं, एकदा बघूनच टाकू ही खुर्ची. इतकी वर्षं आमच्या डोक्यावर ठेवलीये डॉक्टरांनी."

डॉक्टरांना चहाचा ठसका लागला. "अहो, जुना सिनेमा असा धुऊन काढला की त्यातला जीव जातो," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मग त्यांना आठवलं, की त्या दुपारी एकाचं रूट कॅनाल आहे.

"त्यांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलंय," वहिनी आतून म्हणाल्या.

"तू येणार आहेस? तुला आठवतो तरी का तो?"

"अर्धा आठवतो," वहिनी म्हणाल्या आणि कपबश्या गोळा करून आत गेल्या.

डॉक्टर घाबरले होते. हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांपुढे दाढवाल्याला कोण विचारतं? घरी पाहुणे आले तरी तोंडावर हात ठेवून बोलतात. साऱ्या जगात ही एकच खोली अशी होती जिथे त्यांचा शब्द चालायचा, आणि ती उभी होती एका खुर्चीवर, जी कदाचित कुठे नव्हतीच. ती गेली तर उद्यापासून विमावाला सांगणार आणि आपण माना डोलावणार. त्यांना अन्न गोड लागेना. मध्येच आशाही वाटायची, की कुणी सांगावं, खरोखरच खुर्ची निघेल.

त्या दुपारी सगळे एका रांगेत बसले. हेडसर मंडळींना आधीच समजावून सांगत होते, की शालीकडे लक्ष ठेवा. वहिनींनी घडीची साडी नेसली होती आणि मांडीवर पर्स घट्ट धरली होती. मध्यंतरात विमावाल्यानं मक्याच्या लाह्यांचा सगळ्यांत मोठा डबा आणला, कारण त्याला आज डॉक्टरांचा पडता चेहरा बघत काहीतरी खायचं होतं.

सिनेमा पुढे सरकत होता. शेवटी दिवेकऱ्यानं दिव्याच्या खटक्यावर हात ठेवला. थिएटर शांत झालं. आणि त्या शांततेत विमावाल्याच्या तोंडातून कडकन आवाज आला. न फुटलेल्या दाण्यावर त्यानं दाढ फोडली होती.

"आई गं," तो कळवळला.

आपल्या धंद्यावर डॉक्टरांचं इतकं प्रेम आयुष्यात कधी उतू गेलं नव्हतं. ते ताडकन उठले. "चला, चला. एक क्षण घालवू नका. नस उघडी पडली असेल. सिनेमा काय, पुन्हा बघता येईल."

वहिनींनी त्यांच्या शर्टाचं टोक धरलं. "बसा."

"अगं, त्याला दुखतंय."

"दुखू दे." त्यांनी पर्समधून कापसाचा बोळा काढला, वाकून विमावाल्याच्या दाढेत दाबला. "भाऊजी, चावून धरा. शेवट होईपर्यंत काही होत नाही तुम्हाला. मागे एकदा मी उठले होते, आज उठणार नाही."

डॉक्टर बसले. बसण्याशिवाय इलाज नव्हता, शर्ट अजून वहिनींच्या मुठीत होता.

पडद्यावर दिवेकऱ्यानं दिवा विझवला नाहीच. खाली डबा घेऊन उभी असलेली मुलगी दोरीची वाट बघून कंटाळली आणि आजवर कधी न चढलेल्या पायऱ्या चढायला लागली. धापा टाकत वर आली. डबा त्याच्यापुढे आदळून म्हणाली, की रोज मीच का वर बघायचं, एकदा तू खाली उतर आणि माझ्याबरोबर बसून जेव. पुढचं सगळं डॉक्टर ज्या ज्या गोष्टींना आयुष्यभर नाकं मुरडत आले त्याच गोष्टींचं बनलं होतं. दिवेकऱ्याचा बुडालेला भाऊ कोरडा ठणठणीत परत आला. सारा गाव किनाऱ्यावर नाचायला लागला. विनोदी नट पाण्यात पडला, आणि एकदा पडून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पडला. खुर्ची एकदाच दिसली. तिच्यावर मांजर बसलं होतं.

डॉक्टरांनी हळूच शेजारी पाहिलं. वहिनी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. इतक्या भिकार शेवटानं आपल्या बायकोला रडवलं, याचा त्यांना राग आला. मग लक्षात आलं की तो राग नव्हता. त्यांना हेवा वाटत होता.

बाहेर दिव्यांच्या झगमगाटात मंडळी उभी राहिली. विमावाल्याचे डोळे चमकत होते, आजच्या दिवसाची त्यानं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, पण त्याचं अर्धं तोंड सुजलेलं आणि उरलेलं कापसानं भरलेलं होतं. तो बोट रोखून डॉक्टरांना म्हणाला, "आं! आं!"

"कापलाय," हेडसर कडाडले. "मूळ शेवट कापून भलताच चिकटवलाय. मी डोळ्यांनी पाहिलाय तो. शाल कुठे गेली, सांगा मला. शाल कुठे आहे?"

"तरीच," काकू म्हणाल्या. "तरीच म्हटलं, मेलं कसं नाही कुणी."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. वाट आयती मोकळी झाली होती. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. "हल्ली काही शाबूत ठेवत नाहीत हो," ते म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला.

विमावाल्याला घेऊन नवराबायको दवाखान्याकडे निघाली. विमावाला गाल धरून पुढे, ही दोघं मागे.

"तुम्हाला एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्या शेवटात तो पायऱ्या उतरून निघून जातो. ती तर खालीच उभी असते, डबा घेऊन. म्हणजे तिच्यासमोरूनच गेला असणार. मग ती काय करते?"

डॉक्टर थांबले. हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी डोक्यात सगळा शेवट पुन्हा लावून पाहिला. दिवा होता, पायऱ्या होत्या, खुर्ची होती. मुलगी कुठेच नव्हती. ती त्यांच्या ध्यानातून साफ निसटली होती.

"त्या दिवशी मला हेच विचारायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "तोंडात कापूस होता. नंतर म्हटलं, आज ना उद्या तुम्हालाच आठवेल ती. रोज नळी धरून ऐकत होते. नाही आठवली."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. हे त्यांनी बोलून दाखवायला हवं होतं, पण नळीशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती.

दवाखान्यात विमावाला खुर्चीत आडवा झाला. इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, वहिनींनी नळी लावली. हात कामाला लागले तसं डॉक्टरांचं तोंड सवयीनं सुरू झालं. "तर तुम्ही पाहिलंतच. मूळ शेवट कापल्यामुळे सगळा तोलच गेला. खरी जी खुर्ची होती, ती..." त्यांनी पक्कड उचलली आणि थांबले. वहिनींचं बोट दाढेवर आलं नव्हतं.

"अगं, बोट?"

"काही कापलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

विमावाला म्हणाला, "आं?"

"शेवट यांनी पाहिलेलाच नाही, भाऊजी. माझी दाढ काढत होते. तीही चुकीची. खुर्ची वगैरे यांनीच केली, इथे बसून. चांगली केली, मीही रोज ऐकते. पण आजचा शेवट मला जास्त आवडला."

इतक्या वर्षांत त्या खोलीत वहिनींचं सिनेमावरचं हे पहिलं मत होतं. ओरडावं असं डॉक्टरांना वाटलं, वाद घालावा असंही वाटलं. विनोदी नटावरच ते तासभर बोलू शकले असते. पण त्यांच्या तोंडून वेगळंच आलं. "का आवडला?" त्यांनी विचारलं.

वहिनींना सांगायला हात मोकळे हवे होते. त्यांनी नळी डॉक्टरांच्या हातात दिली आणि ती मुलगी कशी चढली, पायऱ्यांवर तिचा पदर कसा अडकला, डबा आदळला तेव्हा दिवेकरी कसा दचकला, हे सगळं हातवारे करून सांगितलं. डॉक्टर नळी धरून उभे होते. विमावाल्याच्या गालाखालून थुंकी नीट ओढली जातेय ना, याकडे त्यांनी लक्ष ठेवलं. सांगून झाल्यावर वहिनींनी विमावाल्याला विचारलं, "खरं की नाही?"

"आं," विमावाला म्हणाला.

मग वहिनींनी दाढेवर बोट ठेवलं. "ही."

विमावाल्याचा गाल उतरला आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यानं बैठकीत सगळं ओकून टाकलं. डॉक्टर खाली मान घालून चहा पीत राहिले. हेडसर मात्र जागचे हलले नाहीत. "डॉक्टरांनी पाहिला नसेल, तो त्यांचा प्रश्न," ते म्हणाले. "मी पाहिलाय. शाल राखाडी रंगाची होती." सिनेमा काळापांढरा असल्यामुळे यावर कुणाला काही बोलता आलं नाही. काकूंना पुन्हा भरून आलं. खुर्ची त्या दिवसापासून हेडसरांची झाली.

पुढच्या आठवड्यात एक नवा पेशंट आला, समोरच्या दाताचं काम होतं. तोंडात आरसा आणि कापूस गेल्यावर डॉक्टरांनी सुरुवात केली. "जुना सिनेमा होता एक, दीपगृहाचा. वर एकटा दिवेकरी, खाली डबा घेऊन एक मुलगी." दिवेकरी आला, दोरी आली, डबा वर गेला. दिव्याच्या खटक्यावर हात ठेवला तिथवर डॉक्टर आले आणि थांबले. त्यांनी यंत्र बंद केलं, बाजूला ठेवलं, आणि वहिनींपुढे हात केला.

"पुढचं ही सांगेल," ते पेशंटला म्हणाले. "मी पाहिलेलं नाही."

वहिनींनी त्यांच्या हातात नळी दिली.